ताई ३७ वर्षांची आणि जठराचा कॅन्सर निघालाय. हा वयस्कर पुरुषांचाच आजार ना?

वारणाकाठ, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस वाचतोय पण लिहितोय पहिल्यांदाच. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

माझी थोरली बहीण, वय ३७, दोन लेकरं, मोठी सातवीत आणि धाकटा दुसरीत. मागच्या आठवड्यात दुर्बीण घालून बायोप्सी केली आणि जठराचा कॅन्सर निघाला. रिपोर्ट हातात आल्यापासून घरात कुणाला काही सुधरत नाही, दाजी तर दोन दिवस नुसते रानात जाऊन बसत होते. आणि ज्याला सांगावं तो पहिलं वाक्य हेच बोलतोय की अहो एवढ्या तरण्या बाईला कसा काय, हा तर म्हाताऱ्या पुरुषांना होतो, बिडी-दारूवाल्यांना. आमच्या आजोबांच्या भावाला झालेला तेव्हा ते ६८ चे होते आणि दिवसाला दोन बंडल ओढायचे, त्यामुळं आमच्या पण डोक्यात तेच चित्र बसलेलं. ताईनं आयुष्यात मिश्रीसुद्धा लावली नाही.

आता मागं वळून बघितलं तर सुरुवात संक्रांतीच्या आसपासची. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची. दीड भाकरी खाणारी बाई अर्धीवर आली. दवाखान्यात पित्त म्हणून कॅप्सूल दिली, आठ-पंधरा दिवस बरं वाटायचं की परत सुरू. मग रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.९, पाळीत जास्त जातंय म्हणून लोहाच्या गोळ्या चालू केल्या. त्या गोळ्या चालू असताना शौचाला काळं व्हायला लागलं तर सगळे म्हणाले गोळ्यांनी होतंच तसं. नवरात्रात नऊ दिवस उपास धरले, वजन उतरलं, ते उपासावर गेलं. शेवटी दिवाळीचे ब्लाऊज शिवायला टाकले तेव्हा शिवणाऱ्या काकू म्हणाल्या, अगं जुन्या मापापेक्षा तीन बोटं आत घ्यावं लागतंय, तू आधी मोठ्या डॉक्टरला दाखव. म्हणजे दहा महिन्यात पहिल्यांदा कुणी तिच्याकडं नीट बघितलं असेल तर त्या काकूंनी.

रिपोर्टमध्ये सिग्नेट रिंग सेल असं काहीतरी लिहिलंय. सीटी झालाय, फाईल घेऊन मुंबईला चाललोय.

मला विचारायचंय ते असं की बाईमाणसाचा आणि तरुण वयातला हा कॅन्सर वेगळा असतो का? काही पाहुणे म्हणतात वय कमी आहे, रक्तात जोर आहे, ताकदीवर निघेल. काही म्हणतात तरुणपणी झाला की झपाट्यानं पसरतो, म्हाताऱ्यात हळू असतो. खरं काय मानायचं? गूगल करून डोकं फिरायची वेळ आलीय. कुणाला अनुभव असेल, किंवा या क्षेत्रातलं कुणी असेल तर प्लीज सांगा.

---

काचपट्टी, रात्री १२:२५

दादा, आधी धीर धरा. मी पॅथॉलॉजीमध्ये आहे, चौदा वर्षं झाली, बायोप्सीच्या काचा बघणं हेच रोजचं काम. तुमच्या ताईंची फाईल मी बघितलेली नाही त्यामुळे त्यांच्याबद्दल नेमकं त्यांचे डॉक्टरच सांगतील, पण प्रश्न तुम्ही फार नेमका विचारलाय म्हणून झोपायच्या आधी लिहितेय.

लोक म्हणतात ते आकड्यांपुरतं खोटं नाही. २०२२ साली जगात जठराच्या कॅन्सरचे साधारण ९ लाख ६८ हजार नवे पेशंट नोंदले गेले, त्यात पुरुष सव्वासहा लाखांच्या वर आणि बायका जवळपास ३ लाख ४० हजार. म्हणजे जवळजवळ दुप्पट. वयाचं म्हणाल तर बहुतेक पेशंट पन्नाशी-साठीच्या पुढचे. पण हे सगळ्यांचं मिळून एक गाठोडं झालं, आणि ते सोडून बघितलं की आत दोन वेगवेगळे आजार निघतात. आम्ही काचेखाली बघतो तेव्हा ते अगदी डोळ्यांना दिसतं.

१९६५ मध्ये फिनलंडच्या लॉरेन नावाच्या पॅथॉलॉजिस्टनी ही विभागणी केली, अजून आम्ही तीच वापरतो. एक इंटेस्टायनल, म्हणजे आतड्यासारखा दिसणारा. यात पेशी एकमेकींना धरून नळ्या-ग्रंथी करून बसतात, गाठ दिसते, तिला कड असते. हा एका दिवसात होत नाही. एच पायलोरी नावाचा जंतू लहानपणीच पोटात शिरतो, वर्षानुवर्षं सूज राहते, मग जठराचं अस्तर झिजतं, मग त्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं, मग त्यातून कधीतरी कॅन्सर. या वाटेला पंचवीस-तीस वर्षं सहज लागतात, म्हणून पेशंट वयस्कर. त्यात बिडी-सिगारेट, खूप मिठाचं आणि खारवलेलं खाणं याची भर. तुमच्या आजोबांच्या भावाचा बहुतेक हा असावा. (एच पायलोरी आपल्याकडे अर्ध्याहून जास्त लोकांच्या पोटात सापडतो आणि तरी भारतात जठराचा कॅन्सर जपान-कोरियापेक्षा कितीतरी कमी आहे, मिझोराम सोडून, तिथे देशात सगळ्यात जास्त. म्हणजे जंतू आहे म्हणून कॅन्सर होणारच असं कुणी मनात धरू नका.)

दुसरा डिफ्यूज. सिग्नेट रिंग त्यातलाच. पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारं एक प्रथिन असतं, ई-कॅडहेरिन, ते बिघडलं की पेशी सुट्या होतात. गाठ अशी होतच नाही, एकेक पेशी जठराच्या भिंतीत मुरत जाते, साखरेचा पाक कापडात मुरावा तशी. पेशीत चिकट द्रव भरतो आणि केंद्रक एका कडेला दाबला जातो, काचेखाली अगदी खडा बसवलेल्या अंगठीसारखी दिसते, म्हणून ते नाव. भिंत आतून कडक होते आणि जठर ताणलंच जात नाही, चामड्याच्या वाळलेल्या पखालीसारखं होतं. ताई दोन घासांत पोट भरतं म्हणत होत्या ना, ते यामुळे असू शकतं. आणि वरचं अस्तर कधीकधी इतकं साधं दिसतं की दुर्बिणीतसुद्धा पहिल्या खेपेला हुकतं, वरवरचा तुकडा घेतला तर रिपोर्ट नॉर्मल येतो.

आता बाई-पुरुषाचा मुद्दा. हा दुप्पट फरक जो आहे तो मुख्यतः पहिल्या प्रकारातला आहे. डिफ्यूजमध्ये बायका-पुरुष जवळजवळ बरोबरीनं असतात आणि चाळिशीच्या आतल्या पेशंटमध्ये बायका पुरुषांच्या बरोबरीला किंवा पुढेही जातात. स्कॉटलंडच्या पश्चिम भागातला २००९ चा एक अभ्यास मला फार आवडतो, त्यात दिसलं की इंटेस्टायनल प्रकार बायकांनाही होतो पण पुरुषांपेक्षा साधारण १७ वर्षं उशिरा. बायका वाचतात असं नाही, त्यांचं घड्याळ मागं असतं. याचं कारण इस्ट्रोजेन असावं असा संशय आहे. पाळी उशिरा जाते त्यांना धोका थोडा कमी, आणि स्वीडनमध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी इस्ट्रोजेन दिलेल्या पुरुषांमध्येही जठराचा कॅन्सर कमी दिसला. (म्हणून कुणी हार्मोनच्या गोळ्या घेत बसू नका, त्यांचे धोके वेगळे आहेत.) आणि जठराच्या अगदी वरच्या तोंडाशी, अन्ननलिका मिळते तिथे होणारा जो आहे तो तर पुरुषांतच कितीतरी जास्त, लठ्ठपणा आणि छातीत जळजळ यांच्याशी जोडलेला.

पाहुण्यांच्या दोन मतांबद्दल. दोन्ही अर्धवट आहेत. तरुण पेशंटमध्ये आजार बऱ्याचदा पुढच्या स्टेजला सापडतो, एक तर प्रकार मुरणारा आणि दुसरं म्हणजे कुणाच्या मनातच येत नाही. पण एकाच स्टेजचा तरुण आणि वयस्कर पेशंट शेजारी ठेवले तर तरुण पेशंट मागे पडतो असं नाही, उलट त्याला पूर्ण केमो आणि मोठं ऑपरेशन झेपतं. त्यामुळे वय विसरा, स्टेज विचारा. पोटाच्या आतल्या बाजूच्या पातळ पडद्यावर गेलंय का हे सीटीत दरवेळी कळत नाही, त्यासाठी आधी छोट्या भोकातून दुर्बीण घालून पोटात बघतात, ते करणार आहेत का हे मुद्दाम विचारा. आणि बाईच्या बाबतीत अजून एक, सीटीत बीजांडकोश नीट बघितलेत का तेही विचारा. हा प्रकार तरुण बायकांमध्ये तिथे जायचा धोका असतो, कित्येकदा बाई ओटीपोटात गाठ म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते आणि गाठ काढून आमच्याकडे आली की काचेत त्या अंगठ्या दिसतात. मग उलटं जाऊन जठर शोधायचं. असा रिपोर्ट लिहिताना माझा हात अजूनही थांबतो.

मुंबईला जाताना रिपोर्टचा कागद पुरणार नाही, जिथे बायोप्सी झाली तिथून मेणाचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला बायोप्सीचा तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या. तुमचा हक्क आहे तो. तिथे परत तपासतात.

---

दुर्बीणखोली, सकाळी ६:५०

मी स्टाफ नर्स आहे, आधी केमोच्या डेकेअरला होते, आता सहा वर्षं एन्डोस्कोपीला. मॅडमनी आतलं सगळं सांगितलंच आहे, मी बाहेरच्या बाकड्यावर काय दिसतं ते सांगते.

पुरुष येतो तेव्हा बहुतेक वेळा बायको किंवा मुलगी धरून आणते. फाईल तिच्याच हातात, कधीपासून दुखतंय तेही तीच सांगते. बाई येते तेव्हा खूपदा एकटी नाहीतर शेजारणीबरोबर, आणि विचारलं कधीपासून तर म्हणते झाले असतील सात-आठ महिने, घरात लग्न होतं, मग सुगी होती, मग पोरांच्या परीक्षा. बायका अंगावर काढतात हे आपण सगळेच म्हणतो पण ती अंगावर काढत असताना तिच्या ताटात किती उरतंय हे बघणारं कुणी नसतं, कारण ती जेवते सगळ्यांच्या शेवटी.

आणि दादा तुम्ही जे हिमोग्लोबिनचं लिहिलंय ते वाचून वाईट वाटलं कारण हे वारंवार बघते. पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन ८ आलं तर डॉक्टर लगेच विचारतात रक्त जातंय कुठून, वरून-खालून दोन्ही दुर्बिणी लिहून देतात. तेच बाईचं आलं की पाळी. बरोबरही असतं बऱ्याचदा, पण दोन-तीन महिने गोळ्या नीट घेऊन सुद्धा वाढत नसेल, किंवा त्याबरोबर वजन उतरतंय, खाणं कमी झालंय, तर पाळीवर टाकून मोकळं व्हायचं नाही. पाळी गेलेल्या बाईला तर नाहीच नाही.

काळ्या शौचाचं पण सांगते कारण बरेच जण वाचतील. लोहाच्या गोळीनं काळपट हिरवट होतं, पण बांधून होतं, वास नेहमीचा. रक्त जाऊन जे काळं होतं ते डांबरासारखं चिकट, भांड्याला लागून राहतं, पाणी टाकून लवकर निघत नाही आणि वास इतका उग्र की एकदा आला की विसरत नाही. ते दिसलं तर गोळ्यांचं नाव न घेता त्याच दिवशी दाखवायचं.

दुसरं ते कॅप्सूलचं. अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळीनं कॅन्सरच्या जखमेलासुद्धा थोडे दिवस वरवर आराम पडतो, कधी जखम भरल्यासारखी पण दिसते. त्यामुळे गोळीनं बरं वाटलं म्हणजे साधं पित्तच होतं असं धरायचं नाही. आता हे वाचून जळजळ होणाऱ्या प्रत्येकानं घाबरून जाऊ नका हं, आमच्याकडे तिशी-पस्तिशीचे पित्तवाले रोज येतात आणि बहुतेकांना काही निघत नाही. पण वजन आपोआप उतरणं, दोन घासांत पोट भरणं, उलटी, गिळायला अडकणं, हिमोग्लोबिन न वाढणं, यातलं एकही असेल तर वय ३० असो की ७०, बाई असो की पुरुष, दुर्बीण करून घ्या. पाच-सात मिनिटांचं काम असतं.

ताईंचं केमो सुरू झालं तर एक लक्षात ठेवा. डेकेअरला असताना मला कायम वाटायचं की बायकांना मळमळ, उलट्या आणि जुलाब जास्त होतात. तेव्हा लोक म्हणायचे बायका नाजूक, सहन होत नाही. नंतर एका ट्रेनिंगमध्ये सांगितलं की ब्रिटनमधल्या चार मोठ्या ट्रायलच्या पेशंटचे आकडे एकत्र करून बघितले तर त्यातही बायकांना हा त्रास जास्तच दिसला. म्हणजे नाजूकबिजूक काही नाही, औषध शरीरात वेगळं वागतं. तर ताईंनी सहन करत बसायचं नाही, जुलाब चारपाच झाले की फोन करायचा, ताप १००.४ च्या वर गेला की रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. पाळी मधेच बंद होऊ शकते, पण बंद झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नसतं, काळजी घ्यायलाच लागते. हे कुणी सांगत नाही आणि बायका विचारायला लाजतात म्हणून लिहिलं.

पैशाचं बघताना महात्मा फुले जन आरोग्य योजना चालते का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, रेशनकार्ड आणि आधारची ओरिजिनल बरोबर असू द्या, नाहीतर परत गावाला फेरी होते.

---

तोक्योकर, सकाळी ९:१५

ताईंना लवकर आराम पडो. मी नऊ वर्षं जपानमध्ये आहे, कंपनीत काम करतो. इथं हा कॅन्सर घराघरात माहीत असलेला आहे त्यामुळे थोडं वेगळं बघायला मिळतं ते सांगतो.

दरवर्षी कंपनीकडून हेल्थ चेकअप असतो आणि पस्तिशी उलटली की त्यात पोटाची तपासणी येते. पहिल्या वर्षी मला बेरियम दिलं, खडूच्या दाट पाण्यासारखं एक ग्लास, त्याच्या आधी फसफसणारी पावडर, आणि ढेकर द्यायचा नाही अशी सक्त ताकीद. मग एक्स-रे मशीनच्या टेबलावर उलटंपालटं करतात, डोकं खाली पाय वर सुद्धा. नंतर जुलाबाच्या गोळ्या देतात नाहीतर ते आत घट्ट होतं. आता मी सरळ दुर्बीणच निवडतो. सरकारी धोरण २०१६ पासून असं आहे की पन्नाशीपुढे दर दोन वर्षांनी दुर्बीण किंवा बेरियम, आणि कोरियात तर चाळीशीपासून दर दोन वर्षांनी. २०१३ पासून नुसती जंतूमुळे सूज असली तरी एच पायलोरीचा इलाज इथल्या विम्यात बसतो.

पण मला यातलं जे जाणवतं ते असं की इतकं सगळं असूनही या वयाच्या आकड्यांत तुमच्या ताईंसारखी बाई बसत नाही. ३७ म्हणजे जपानच्या पन्नाशीत नाही, कोरियाच्या चाळिशीतही नाही. माझ्या ऑफिसमधली एक जपानी सहकारी ३४ व्या वर्षी याच सिग्नेट रिंगनं आजारी पडली, तिलाही आधी ताण आहे, जेवणाच्या वेळा सांभाळ म्हणून सांगितलेलं. (ती आता ऑपरेशन होऊन कामावर आलीय, डबा दिवसात सहा वेळा उघडते.) म्हणजे गावातल्या दवाखान्याला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही दादा, जगातले सगळ्यात सावध देशसुद्धा या वयाला चुकतात. तुम्ही स्वतःला खात बसू नका, एवढंच सांगायचं होतं.

---

गोदाकाठची लेक, दुपारी २:०५

मला दुसऱ्या टोकाचं सांगायचंय. माझ्या आईला ७४ व्या वर्षी जठराचा कॅन्सर निघाला. तुमच्याकडे लोक म्हणाले एवढ्या तरुण बाईला कसा, आमच्याकडे म्हणाले आता वय झालं, कशाला हाल करता. आणि हे बोलणारे तेच, ज्यांनी माझ्या काकांच्या वेळी, काका ७६ चे होते, पुण्याला-मुंबईला पळापळ केली होती. काकांच्या वेळी कुणाला वय दिसलं नाही. हे मला फार लागलं आणि अजून बोचतं.

आईला तपासणारे डॉक्टर मात्र चांगले भेटले. त्यांनी जन्मसाल विचारलंच नाही आधी, विचारलं की जिना चढते का, स्वतःची अंघोळ स्वतः करते का, महिन्यात कितीदा पडलीय, किती औषधं चालू आहेत, हिशेब ठेवते का. आईनं तिथंच भिशीचा हिशेब तोंडपाठ सांगितला. तिचा आजार पसरलेला होता त्यामुळे ऑपरेशन नव्हतं, पण केमो कमी डोसमध्ये सुरू केलं. मला वाटलं कमी डोस म्हणजे मन राखण्यासाठी. तर त्यांनी समजावलं की ब्रिटनमध्ये थकलेल्या आणि वयस्कर पेशंटवर मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये आला तो, त्यात ६० टक्के डोसवाल्यांचा आजार पूर्ण डोसवाल्यांइतकाच आटोक्यात राहिला आणि त्रास कमी झाला. आई त्यानंतर चौदा महिने होती. त्यातले अकरा महिने ती स्वतःच्या पायांनी देवघरात जायची, उन्हाळ्यात नातवंडांना घेऊन कुरडया घातल्या तिनं, पाट्यावर बसून शेव पाडली नाही पण कशी पाडायची ते खुर्चीतून सांगत होती.

तुम्ही ताईंसोबत आहात हे वाचून बरं वाटलं. तिला विचारूनच सगळं ठरवा, तिच्यासमोर कुजबुजू नका. आईला सगळ्यात जास्त त्रास त्याचा झाला.

---

वारणाकाठ, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार, काय बोलू कळेना. काचपट्टी मॅडमचं उत्तर दाजींना वाचून दाखवलं, अंगठीचं ऐकून ते पहिल्यांदा रडले, पण त्यानंतर जेवले. ताईलाही सगळं सांगितलं. तिला अर्धं माहीतच होतं, म्हणाली मला वाटलं तुम्हाला झेपणार नाही म्हणून मी गप्प होते.

आज ब्लॉक आणि स्लाइड मिळाल्या. उद्या रात्रीच्या गाडीनं निघतोय.

मॅडम, एक राहिलं. ताईची मुलगी १२ वर्षांची आहे, आणि मी ३४, आमची धाकटी बहीण ३१. ताई सारखं एकच विचारते, माझ्या पोरीला होणार नाही ना. तपासण्या काय करायच्या आमच्या? आजोबांच्या भावाचं पण आहेच.

---

काचपट्टी, रात्री ११:००

ताईंना सांगा की बहुतेक वेळा हा घराण्यात चालत नाही. पण त्यांचं वय ५० च्या आत आणि प्रकार डिफ्यूज, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांची स्वतःची जनुक तपासणी करायचा सल्ला दिला जातो, कुटुंबात दुसरं कुणी नसलं तरी. सीडीएच वन नावाचं जनुक, त्या ई-कॅडहेरिनची कृती त्यात लिहिलेली असते. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात हे पहिल्यांदा सापडलं, त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं या आजारानं जात होती आणि त्यांनी स्वतःच संशोधकांना मदत मागितली होती. ते कुटुंब पुढे आलं म्हणून आज आपण ही टेस्ट करू शकतो.

टेस्ट आधी ताईंची, रक्तावर होते. निगेटिव्ह आली, आणि बहुतेकांची येते, तर या जनुकाचा विषय तिथंच थांबला. पॉझिटिव्ह आली तरच तुमची आणि धाकट्या बहिणीची, आणि मग त्याचं समुपदेशन नीट घ्या कारण त्यात बायकांना जास्तीचा धोका स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरचाही असतो, लोब्युलर म्हणतात. म्हणून आई, आत्या, मावश्यांमध्ये कुणाला स्तनाचा झाला होता का हे आईंना विचारून ठेवा. १२ वर्षांच्या मुलीची आत्ता काहीच तपासणी नको. ती मोठी झाली, कळती झाली की तेव्हाचं तेव्हा. आत्ता तिला फक्त आईजवळ बसू द्या.

तुम्ही भावंडांनी आणि आईवडिलांनी मात्र एच पायलोरीची टेस्ट करून घ्या, ते जनुकाशी संबंधित नाही. कोरियात २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात पेशंटच्या आईवडील-भावंडं-मुलांना हा जंतू मारायचं औषध दिलं, नऊएक वर्षांनी बघितलं तर औषध घेतलेल्यांत कॅन्सर १.२ टक्के आणि न घेतलेल्यांत २.७ टक्के. फुंकरीची किंवा शौचाची टेस्ट असते, दुर्बीण लागत नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद पाहिजे नाहीतर जंतू असून नसल्यासारखा रिपोर्ट येतो, हे लॅबवाले दरवेळी सांगत नाहीत. निघाला तर औषधाचा कोर्स दहा-चौदा दिवसांचा, पूर्ण करायचा, आणि महिन्यानं परत टेस्ट करून गेला की नाही बघायचं.

आणि त्या ब्लॉकवर एचईआर-टू आणि एमएमआर या दोन तपासण्या होणार का ते ओपीडीत विचारा, औषध ठरवायला लागतात.

---

वारणाकाठ, बारा दिवसांनी, दुपारी ४:३०

उशिरा लिहितोय, माफ करा. इथं बोर्डात, म्हणजे सगळ्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, फाईल ठेवली. पोटात दुर्बीण घालून बघितलं, पडद्यावर काही दिसलं नाही, पोट आतून धुतलेल्या पाण्यातही कॅन्सरच्या पेशी निघाल्या नाहीत. बीजांडकोश ठीक आहेत. आधी चार केमो, मग ऑपरेशन, मग परत चार असं ठरलंय. पहिलं केमो परवा झालं, जुलाब झाले, सिस्टर तुम्ही लिहिलेलं आठवून लगेच फोन केला, औषध बदलून दिलं. जनुकाचं रक्त दिलंय, रिपोर्टला वेळ लागेल. माझा जंतू निघाला, धाकटीचा नाही.

शिवणाऱ्या काकूंचा फोन आलेला ताईला. म्हणाल्या तुझं जुनं माप वहीत तसंच ठेवलंय, खोडलं नाही.